ताईत उलटून बघा

इजिप्तमध्ये लक्सरला, कर्नाकच्या देवळातल्या पवित्र तळ्यापाशी, वायव्य कोपऱ्यात, एका गोल चौथऱ्यावर ग्रॅनाइटचा भलामोठा किडा बसलेला आहे. डिसेंबरातली सकाळ होती, उन्हं नुकती तळ्याच्या पाण्यावर उतरत होती आणि किड्याभोवती माणसांची प्रदक्षिणा चालू होती. सात फेऱ्या मारल्या की मनातली इच्छा पुरी होते, असं आमच्या गाईडने सांगितलं. शेजारच्या गटाचा गाईड तीन फेऱ्या म्हणत होता. आई फेऱ्यांच्या भानगडीत पडलीच नाही. चौथऱ्यापासून चार पावलं मागे सरून, पदर डोक्यावर घेऊन ती त्या दगडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “अगं, हा तर शेणकिडा!”

तिचं बरोबर होतं. सिन्नरकडच्या खेड्यात वाढलेल्या माणसाला हा प्राणी ओळखायला गाईड लागत नाही. वळवाचा पाऊस पडून गेला की गोठ्यामागच्या पायवाटेवर हे काळे किडे शेणाची गोळी वळून उलट्या पायांनी ढकलत न्यायचे. आईने ते लहानपणी तासन्‌तास पाहिलेलं. इजिप्तमधल्या शेतकऱ्याच्या पोरांनीही तेच पाहिलं होतं, फक्त चार हजार वर्षं आधी. मला वाटतं, या संस्कृतीबद्दल समजून घ्यायची पहिली गोष्ट हीच आहे. सिंह, बैल, ससाणा, मगर असे दिमाखदार प्राणी दाराशी असताना या लोकांनी सर्वांत जास्त ताईत केले ते शेणात राबणाऱ्या किड्याचे. हजारो वर्षं, लाखांच्या संख्येने. बायाबापड्यांच्या गळ्यात, राजाच्या बोटात आणि मेलेल्याच्या छातीवर.

हा किडा, शास्त्रीय नाव स्कॅराबेयस सेसर, डोकं जमिनीकडे आणि मागचे पाय गोळीवर अशा अवस्थेत आपल्याहून मोठी गोळी ढकलत नेतो. डोक्याच्या पुढच्या कडेला दाते असतात, ते किरणांसारखे फाकलेले दिसतात. गोळी जमिनीत पुरली जाते आणि काही काळाने त्याच मातीतून नवा किडा वर येतो. पाहणाऱ्याला मादी दिसत नाही, अंडं दिसत नाही, पिल्लू दिसत नाही. दिसतं ते एवढंच की गोल काहीतरी मातीत गेलं आणि त्यातून जीव उगवला. हे सगळे किडे नरच असतात आणि ते आपले आपण जन्मतात, अशी समजूत पुढे ग्रीक लेखक प्लुटार्कनेही नोंदवून ठेवली आहे. खरा प्रकार उलगडला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झाँ-आँरी फाब्र याने जमीन उकरून दाखवलं, की खायची गोळी वेगळी आणि पिल्लाची वेगळी. पिल्लाची गोळी मादी जमिनीखाली घडवते, ती पेअरच्या फळासारखी असते आणि तिच्या निमुळत्या टोकात एकच अंडं असतं. अळी आतून खात खात वाढते, कोषात जाते आणि माती ओली झाली की बाहेर पडते. कोषातला तो हातपाय आवळून निजलेला किडा ममीसारखा दिसतो. ममीची कल्पना तिथूनच सुचली असावी, असंही काही अभ्यासकांना वाटतं. माझं मत तिथवर जात नाही, पण ते चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

सूर्याशी या किड्याचं नातं जोडलं गेलं ते गोळीमुळे. आकाशातली ती तेजाची गोळी पूर्वेकडून पश्चिमेकडे कोणीतरी ढकलत नेतं, रात्री ती जमिनीखाली जाते आणि सकाळी नवी होऊन वर येते. ढकलणारा तो खेप्री. सकाळचा सूर्य खेप्री, माध्यान्हीचा रा आणि मावळतीचा आतुम. योगायोग असा, की २०१३ साली स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी एका आफ्रिकी शेणकिड्यावर प्रयोग केले, तेव्हा तो रात्री सरळ रेषेत चालण्यासाठी आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो असं दिसून आलं. त्यासाठी त्यांनी किड्यांच्या डोक्यावर छोट्या टोप्या बसवून त्यांचं आकाश झाकलं, तर किडे भरकटले. शेणात तोंड घातलेल्या या जिवाचं लक्ष वर असतं, हे इजिप्तच्या लोकांनी कुठल्याही प्रयोगाशिवाय ओळखलं होतं.

पण केवळ गोळी आणि सूर्य एवढ्यावर हा ताईत उभा राहत नाही. खरी गोम भाषेत आहे. चित्रलिपीत किड्याचं चित्र काढलं की ते ‘खेपेर’ असं वाचायचं, आणि खेपेर या क्रियापदाचा अर्थ होणे, घडणे, रूप घेणे. म्हणजे गळ्यात किडा बांधणारा माणूस एक क्रियापद बांधत होता. मी असावं, मी पुन्हा व्हावं. बाजारात आज हाच किडा ‘गुड लक’ म्हणून विकतात. नशीब हा शब्द त्याच्यापुढे फार लहान आहे.

दुपारी आम्ही लोकांच्या फेरीबोटीने नाईल ओलांडली. पलीकडच्या काठाला ऊस, केळी आणि हिरव्यागार चाऱ्याचे भारे लादलेली गाढवं. चारा पाहून आई थबकली, “हे बरसीम ना गं?” बरसीमच होतं. आपल्या गोठ्यांतलं हे पीक इजिप्तहून आलेलं आणि नावही तिथलंच. त्या शेतांच्या कडेलाच मेम्नॉनचे दोन जुनाट पुतळे बसले आहेत, सुमारे १८ मीटर उंच. त्यांच्यामागे आमेनहोतेप तिसरा या राजाचं स्मृतिमंदिर होतं. भूकंपाने आणि नाईलच्या पुरांनी ते भुईसपाट केलं. सकाळी कर्नाकला पाहिलेला ग्रॅनाइटचा किडा मुळात इथला, नदीपार नेलेला.

या आमेनहोतेपने, इ.स.पूर्व चौदाव्या शतकात, किड्याचा आणखी एक उपयोग केला. तळहातात मावतील असे मोठे स्कॅरब, म्हणजे किड्याच्या आकाराचे ताईत, घडवून त्यांच्या सपाट पोटावर त्याने राज्यातल्या बातम्या कोरल्या आणि ते दूरदूर धाडले. असे दोनशेच्या आसपास आज सापडलेले आहेत. एकावर राणी तियेची ओळख तिच्या आईवडिलांच्या नावासह दिलेली आहे. ते दोघे राजघराण्यातले नव्हते आणि तरी त्यांची नावं कोरली, हे मला मोठं वाटतं. एकावर दहा वर्षांत राजाने मारलेल्या सिंहांचा आकडा आहे, १०२. एकावर राणीसाठी खोदवलेल्या तळ्याची हकिकत. आणि एकावर मितान्नी राज्याची राजकन्या गिलुखेपा ३१७ बायकांच्या लवाजम्यासह इजिप्तला आल्याची नोंद. हे मितान्नी आपल्याला अगदीच परके नाहीत. काही दशकांनंतर त्यांनी हित्ती राजाशी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षी ठेवलं होतं.

राण्यांच्या खोऱ्यात नेफरतारीच्या थडग्यात आत जेमतेम दहा मिनिटं थांबू दिलं. रामसेस दुसरा याची ही पट्टराणी. १९०४ साली एर्नेस्तो स्कियापारेल्ली या इटालियन संशोधकाला हे थडगं सापडलं आणि क्षारांनी फुगून गळणारा रंगाचा गिलावा वाचवायला १९८६ ते १९९२ अशी वर्षं गेली. ती दहा मिनिटं कशी खर्च करायची हे मी आधीच ठरवलं होतं. खेप्रीपुढे उभं राहायचं. सिंहासनावर बसलेला देव, अंग माणसाचं, आणि मानेवर चेहऱ्याच्या जागी अख्खा काळा किडा, पाय पसरलेला. पुस्तकात हे चित्र विचित्र वाटतं, तिथे वाटलं नाही. चित्रकाराने तिथे चेहरा काढायचाच नव्हता, शब्द लिहायचा होता, आणि त्याने तो देवाच्या मानेवर लिहिला. राजांच्या खोऱ्यात तर दाराशीच हे वाक्य भेटतं. रामसेस घराण्यातल्या थडग्यांच्या चौकटीवर सूर्याचं बिंब, बिंबात किडा आणि शेजारी मेंढ्याच्या डोक्याचा देव, सकाळचा सूर्य आणि संध्याकाळचा. आत शिरणाऱ्या राजाला वाट आधीच सांगून ठेवलेली.

परतताना गाडी एका कारखान्यापाशी थांबली. पश्चिम काठावर असे पुष्कळ आहेत. ओसरीवर मांडी घालून बसलेली माणसं कानशीने दगड घासत होती, अंगावर पांढरी भुकटी. इथे नवेच स्कॅरब करतात आणि नवे म्हणूनच विकतात. अरबीत या किड्याला गोअरान म्हणतात. आईने हिरवट झाक असलेला एक निवडला, घासाघीस केली नाही आणि रुमालाच्या टोकाला बांधून टाकला.

जुने कारागीर सहसा संगजिऱ्यासारखा मऊ दगड घ्यायचे. नखानेही ओरखडा उठेल असा. त्यावर बारीक कोरून झालं, की चकाकीचा लेप देऊन तो भट्टीत घालायचा. हजार अंशांच्या आसपास हाच दगड कडक होतो, नक्षी कायमची बसते. दुसरी रीत फायान्सची. दळलेली गार, थोडा चुना, क्षार आणि तांब्याचा अंश असं मळून मातीच्या साच्यात दाबायचं आणि भाजायचं. भट्टीतून निघताना त्यावर आपोआप निळी-हिरवी झळाळी येते. या पदार्थाचं त्यांचं नाव ‘त्जेहनेत’, म्हणजे लखलखणारं. हिरवा रंग अंकुराचा, नव्याने उगवण्याचा. तो मिळवण्यासाठी पाचू लागत नव्हता, वाळू आणि तांबं पुरत होतं, म्हणून गरिबालाही ताईत मिळाला.

स्कॅरबला लांबीतून आरपार भोक असतं, दोऱ्यासाठी किंवा अंगठीच्या तारेसाठी. अंगठीत तो फिरता बसवत. एरवी पाठ वर, कामाच्या वेळी फिरवला की पोट वर. कारण पोटावर मुद्रा असे. घागरीच्या तोंडाला, पेटीच्या दोरीच्या गाठीला, गुंडाळलेल्या पत्राला ओल्या मातीचा गोळा लावायचा आणि त्यावर स्कॅरब दाबायचा. धान्यकोठाराच्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सगळं त्या मातीत उमटायचं. ताईत आणि शिक्का या दोन गोष्टी आपल्याला निराळ्या वाटतात. त्यांच्या लेखी त्या एकच होत्या, ज्यावर मुद्रा आहे त्याला हात लागत नाही. दाराची कडी असो की देहाची, तत्त्व एकच.

पोटावर नाव नसेल तेव्हा चिन्हं असतात, आणि ती ओळखायला अवघड नाहीत. वर फास असलेली फुली दिसली तर तो ‘अंख’, जीवन. आडव्या चार पट्ट्यांचा खांब ‘जेद’. तो ओसायरिसचा पाठकणा मानतात, अर्थ टिकून राहणं. हात खाली सोडलेल्या अंखासारखी गाठ ‘त्येत’, इसिसची. ही लाल दगडाची करायचा प्रघात होता. फणा काढलेला नाग राजसत्तेचा राखणदार. आणि डोळा, ज्याला वेद्जात म्हणतात, म्हणजे शाबूत असलेला. होरसचा हा डोळा सेतने फोडला आणि थोथ देवाने पुन्हा नीट केला. आईने विचारलं, “दृष्ट लागू नये म्हणून का?” थोडं तसं, पण पूर्ण तसं नाही. आपली तीट बाहेरची नजर अडवते. हा डोळा म्हणतो, जे फुटलं ते सांधलं जाऊ शकतं. जखम होणारच नाही असं वचन तो देत नाही. मला तो जास्त प्रामाणिक वाटला.

कैरोत शेवटचे दोन दिवस आम्ही संग्रहालयांसाठी ठेवले होते. गिझाचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम १ नोव्हेंबर २०२५ रोजी रीतसर सुरू झालं आणि तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. या कोवळ्या राजाच्या ममीच्या कापडी वेटोळ्यांतून थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने १४३ वस्तू मोजून काढल्या होत्या. इतक्या थरांनी एका देहाला जपलं होतं. त्याच्या नावातच किडा आहे. गादीवर बसताना घेतलेलं नाव नेबखेपेरुरे. टोपली, किडा, अनेकवचनाच्या तीन रेघा आणि सूर्याचं बिंब. वाचताना ‘रे’ शेवटी येतो, लिहिताना मात्र सूर्य सगळ्यांच्या आधी, कारण देवाला मागे ठेवायचं नाही. पत्राच्या माथ्यावर आधी श्री लिहिणाऱ्या आईला हे समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच्या एका छातीवरच्या पदकापुढे आम्ही बसलोच. सुमारे १५ सेंटिमीटर उंच. मधोमध पिवळसर-हिरवा पारदर्शक किडा, त्याला ससाण्याचे पंख आणि पाय, वर नौका, नौकेत डोळा आणि चंद्र. तो दगड कॅल्सेडनी असावा अशी कार्टरची समजूत होती. १९९० च्या दशकात तपासलं तेव्हा कळलं, की ती लिबियाच्या सीमेलगतच्या वाळूच्या समुद्रात सापडणारी काच आहे. सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी अवकाशातून आलेल्या अशनीच्या उष्णतेने वाळवंटाची वाळू वितळली आणि ही काच बनली. जवाहिऱ्याला यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. त्याने फक्त पाहिलं, की हा खडा आतून उजेड धरतो, आणि त्याचा सकाळचा सूर्य केला.

तहरीर चौकातलं जुनं गुलाबी संग्रहालय १९०२ चं. तिथल्या काचेच्या पेट्यांत मला हवे होते ते हृदयाचे स्कॅरब. हे मोठे, जड, हिरव्या किंवा काळपट दगडाचे, आणि जिवंत माणसासाठी नव्हेत. ममी करताना मेंदू काढून टाकत, फुप्फुसं, यकृत वेगळ्या बरण्यांत ठेवत, पण हृदय आत ठेवत. बुद्धी, स्मरण, केलेलं सवरलेलं सगळं तिथे साठतं अशी श्रद्धा. पुढे न्यायाच्या दालनात तराजूच्या एका पारड्यात हे हृदय आणि दुसऱ्यात मातचं, म्हणजे सत्याचं, पीस. आनुबिस काटा बघतो, थोथ लिहून घेतो आणि मगरीच्या तोंडाची अम्मित बाजूला वाट बघत बसते. हृदय जड भरलं तर ती ते गिळते आणि माणूस संपतो, पुन्हा ‘होणं’ नाही.

भीती पापाची होतीच, त्याहून मोठी भीती अशी की ऐन वेळी आपलंच हृदय आपल्याविरुद्ध बोलेल. म्हणून मृतांच्या ग्रंथातला तिसावा मंत्र या किड्याच्या पोटावर कोरत. मंत्रात मृत माणूस देवाशी बोलतच नाही, स्वतःच्या हृदयाशी बोलतो. ते आईकडून मिळालेलं हृदय आहे याची त्याला आठवण देतो आणि साक्षीला उभं राहून आपल्याला खाली पाडू नको, अशी विनवणी करतो. मी हे हळू आवाजात सांगत होते. आईने काचेवर हात टेकला आणि काहीच बोलली नाही. जगातले पुष्कळ ताईत भुताखेतांपासून, शत्रूपासून, रोगापासून वाचवतात. माणसाला त्याच्या स्वतःच्या मनापासून वाचवणारा ताईत मी दुसरा पाहिला नाही, आणि माझ्या लेखी इजिप्तने घडवलेली सर्वांत खोल वस्तू पिरॅमिड नव्हे, ही आहे.

हे ताईत टिकले मात्र चोरांच्या हातातून सुटले तेवढेच. इ.स.पूर्व ११०० च्या सुमारास, रामसेस नववा याच्या काळात, थेब्जच्या, म्हणजे आजच्या लक्सरच्या, एका पाथरवटाने दिलेला कबुलीजबाब पपायरसवर शिल्लक आहे. सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडून त्याने आणि साथीदारांनी ममीच्या अंगावरचं सोनं आणि ताईत ओरबाडले, शवपेट्यांना आग लावली. ब्रिटिश म्युझियममध्ये सोबेकेमसाफ नावाच्या राजाचा सोन्यात बसवलेला, माणसाच्या चेहऱ्याचा हिरवा हृदय-स्कॅरब आहे. हा धंदा आजही बंद नाही. लक्सरच्या घाटावर एकाने कागदाची पुडी उलगडून, “अँटिका, अँटिका” म्हणत आम्हालाही एक मळका किडा दाखवला होता. असे किडे नव्वद टक्के खोटेच असणार. पण खरा निघाला तर जास्त वाईट, कारण कुठल्या तरी थडग्यातून तो उपटलेला असतो. कोणत्या थरात, कोणाच्या शेजारी, कोणत्या भांड्याबरोबर होता हे एकदा गेलं की त्या किड्याचं तोंड कायमचं बंद होतं. इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. माझी वाचकांना कळकळीची विनंती, जुना म्हणून कोणी देऊ केला तर हात लावू नका. नवा घ्या, कारागिराच्या हातातून घ्या. आणि घेतला की पाठीकडे बघत बसू नका, उलटून पोट बघा.

निघायच्या आदल्या रात्री आईने रुमालाची गाठ सोडली आणि आपला हिरवट किडा माझ्यापुढे उताणा ठेवला. “वाच बघू.” वर सूर्याचं बिंब. खाली कंगव्यासारखं काहीतरी, म्हणजे सोंगट्या मांडलेला पट, तो ‘मेन’. त्याखाली किडा. मेनखेपेररे, थुटमोस तिसरा. आईने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. हा राजा इ.स.पूर्व १४२५ च्या सुमारास वारला. त्याच्या नावाचे ताईत त्याच्यामागे शेकडो वर्षं घडवले जात होते, आणि लक्सरच्या ओसरीवर ते अजून कोरले जातात.